पहिली सेकंडहँड स्पोर्ट्स कार निवडताना: टोकन सगळ्यात शेवटी

पहिल्यांदा स्पोर्ट्स कार घेणारे बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी गाडी डोळ्यांत भरते, त्याच दिवशी टोकन जातं, मग आरसीचा फोटो मागवला जातो आणि मेकॅनिक बोनेट उघडतो तो थेट डिलिव्हरीनंतर. तोवर मागे फिरायची वाट बंद झालेली असते. साध्या हॅचबॅकमध्ये हे खपून जातं, कारण तिचा गिअरबॉक्स कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. ऑडी टीटी किंवा पोर्शे केमनचं तसं नाही.

खालचे टप्पे महाराष्ट्रात पेट्रोल स्पोर्ट्स कार किंवा हॉट हॅच (जोरदार इंजिनची छोटी हॅचबॅक) घेणाऱ्यांसाठी आहेत. कुठलाही टप्पा पुढेमागे करू नका. प्रत्येक टप्प्यावर काही गाड्या गळणार, आणि त्या गळाव्यात म्हणूनच हा क्रम आहे.

## १. गाडी बघण्याआधी: पैसा, जागा, विमा

हातात असलेल्या रकमेपैकी चतुर्थांश बाजूला काढा. उरलेलं तुमचं खरं बजेट. वीस लाख असतील तर पंधरा लाखांची गाडी बघायची. पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश आणि एखादा सेन्सर हे जवळपास प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारला लागतं. ते आधीच्या मालकानं केलं असतं तर बरेचदा त्यानं गाडी विकायला काढलीच नसती.

हिशेब अंदाजपंचे नको. मनातल्या प्रत्येक मॉडेलसाठी चार गोष्टींचे भाव लेखी मागवा: चार टायर, पुढच्या-मागच्या डिस्क आणि पॅडचा सेट, क्लच किंवा ऑटोमॅटिकचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग), आणि एक मोठी सर्व्हिस. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि त्या ब्रँडचं काम करणारं स्वतंत्र गॅरेज, दोन्हीकडून. पार्ट किती दिवसांत येतो हेही त्याच कागदावर लिहून घ्या. तुमच्या शहरात असं स्वतंत्र गॅरेज नसेल, तर ते मॉडेल यादीतून काढलेलंच बरं. साताऱ्याहून दर खेपेला फ्लॅटबेडवर पुण्याला गाडी पाठवणं फार दिवस झेपत नाही.

मग पार्किंग. सोसायटीच्या बेसमेंटचा उतार, रॅम्प संपतो तिथला उंचवटा आणि गेटजवळचा स्पीडब्रेकर हे तिन्ही बघा. लांब व्हीलबेसची खाली बसलेली गाडी रॅम्पच्या माथ्यावर पोटानं टेकते, पुढं लांब नाक असलेली गाडी रॅम्पच्या पायथ्याशी बंपरनं. फोर्ड मस्टँगची रुंदी आरसे सोडून १.९ मीटरच्या वर जाते. जुन्या इमारतींच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे ती उभी राहीलही, पण दार उघडून बाहेर पडता येईल का, हे टेप लावून मोजा.

विम्याचं कोटेशनही आत्ताच. बऱ्याच कंपन्या ठरावीक वयापुढच्या गाडीला झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई) देत नाहीत. झिरो डेप नसताना एक हेडलॅम्प आणि बंपर गेला तरी खिशाला मोठं भोक पडतं.

तपासा: चतुर्थांश रक्कम वेगळ्या खात्यात, चार भाव कागदावर, पार्किंग मोजलेलं, विम्याचा आकडा हातात. यातलं एकही बाकी असेल तर गाड्या बघायला जाऊ नका.

## २. मॉडेल ठरवणं: कोणाचं काय जातं

इथं वेळ द्या. ‘किती पिकअप’ हा प्रश्न बाजूला ठेवा. पहिल्या स्पोर्ट्स कारसाठी प्रश्न एकच: हिचा ठरलेला दोष कोणता, आणि तो मला तपासता येतो का? आपल्या बाजारात वारंवार समोर येणाऱ्या गाड्या घेऊ.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. हा ड्राय क्लचचा (क्लच ऑइलमध्ये न बुडालेला) डीक्यू२०० गिअरबॉक्स. मुंबई-पुण्याच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते. मेकॅट्रॉनिक गेलं की सम किंवा विषम गिअर गायब होतात. २०२० पासूनच्या १.० टीएसआयमध्ये मॅन्युअल आणि टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी द्रवातून जोर देणारा) आला, त्यामुळे ही काळजी उरली नाही. पहिलीच गाडी असेल तर माझं मत या १.० मॅन्युअलकडे झुकतं.

अबार्थ पुंटो. २०१५ ला आलेली, १.४ टी-जेट, १४५ पीएस, पाच गिअर मॅन्युअल. चालवायला आनंद, यांत्रिकदृष्ट्या साधी. पण फियाटनं इथली विक्री कधीच बंद केली आहे. इंजिनचे पार्ट मिळतात, बॉडी आणि आतले भाग शोधत बसावे लागतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. पाच वर्षं उलटलेली असतील आणि बिल नसेल, तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा.

स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस. २०१७ ची २३० पीएसची आणि २०२० ची २४५ पीएसची. दोन्हींत वेट क्लच (ऑइलमध्ये बुडालेला) डीएसजी आहे, म्हणून तो पोलोच्या गिअरबॉक्सपेक्षा बराच टिकाऊ. अट एक: ऑइल वेळेवर बदललेलं हवं. २३० च्या सहा गिअरच्या बॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला. इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग गळतं, हा या इंजिनचा नेहमीचा आजार. चार दारं, मोठी डिकी, रोज वापरता येण्याजोगी. त्यामुळेच रीमॅप केलेल्या (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेल्या) सर्वाधिक याच सापडतात.

मिनी कूपर एस. २०१४ आधीची पिढी आणि नंतरची पिढी या जवळपास दोन वेगळ्या गाड्या समजा. आधीच्या १.६ टर्बोमध्ये टायमिंग चेन टेन्शनर, थर्मोस्टॅट हाउसिंग आणि ऑइल गळती. नंतरच्या दोन लिटर, १९२ पीएसच्या इंजिनात हे प्रश्न फार कमी. दोन्हींत रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), म्हणजे स्टेपनी नाही आणि खड्ड्यांतून प्रवास कडक.

ऑडी टीटी, दुसरी पिढी. २.० टीएफएसआय, २११ पीएस. हे इंजिन ऑइल पितं. पिस्टन रिंग हे कारण, आणि इलाज म्हणजे इंजिन उघडणं. जुन्या धर्तीचा चेन टेन्शनर असेल तर तो सुटून व्हॉल्व्ह वाकू शकतात. क्वात्रो (चारही चाकांना जोर) असेल तर हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कपलिंगचं, ऑइल बदलल्याचं बिल बघा. २०१५ नंतरची तिसरी पिढी परवडत असेल तर तिच्याकडेच जा.

बीएमडब्ल्यू झेड४ (२००९ ते २०१६). ३५आय मधलं सहा सिलिंडर ट्विन टर्बो इंजिन अप्रतिम आहे आणि खर्चिकही: हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, वेस्टगेटचा (टर्बोचा दाब सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट, इलेक्ट्रिक वॉटर पंप. त्यात घडीचं छप्पर, म्हणजे हायड्रॉलिक्स आलं.

पोर्शे केमन, बॉक्स्टर. २००९ हे साल लक्षात ठेवा. त्याआधीच्या ९८७ पिढीमध्ये आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडणं हे दोन गंभीर दोष आहेत. २००९ पासून इंजिनच नवं आलं आणि त्यात आयएमएस शाफ्ट नाही. ‘तीन लाख स्वस्त मिळतेय’ म्हणून २००७ ची घेऊ नका.

फोर्ड मस्टँग जीटी. २०१६ पासून इथं अधिकृत विकली गेली. पाच लिटर व्ही८, टर्बो नाही, गिअरबॉक्स साधा टॉर्क कन्व्हर्टर. यंत्र म्हणून या यादीत सर्वांत सरळ. अडचण फोर्डच्या भारतातून जाण्याची. २०२१ मध्ये कंपनीनं इथलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस होते, पण बॉडीच्या पार्टसाठी थांबावं लागतं.

इशारा: एका मॉडेलवर अडकू नका. किमान दोन मॉडेल आणि प्रत्येकाच्या दोन-तीन गाड्या यादीत हव्यात. एकच गाडी बघणारा खरेदीदार भाव करूच शकत नाही.

## ३. घरबसल्या कागद

विक्रेत्याकडून आरसीचा फोटो, चालू पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं मागवा. द्यायला टाळाटाळ झाली की यादीतली पुढची गाडी. मग एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून हे जुळवा:

- कितवा मालक, आणि जाहिरातीत सांगितलेला मालक तोच आहे का
- हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा उतरला आहे का
- विमा आणि पीयूसी चालू आहे का
- रंग आणि इंधन आरसीप्रमाणेच आहे का
- ई-चलन किती थकलं आहे (वेगवान गाड्यांवर ते हमखास सापडतं)

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्ट्री काढून घ्यायला मालकाला सांगा. त्यात प्रत्येक भेटीचं रनिंग असतं. २०१९ ला ६२,००० आणि आज मीटरवर ४८,००० दिसत असेल तर पुढं बोलण्यासारखं काही उरत नाही.

विम्याचे क्लेमही विचारा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस (एनसीबी) शून्य असेल तर आदल्या वर्षात क्लेम झाला असू शकतो. किती रकमेचा आणि कशाचा, त्याचं बिल बघा. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. ‘पन्नास टक्के एनसीबी आहे’ हे ऐकून किंमत वाढवून देऊ नका, तो तुम्हाला मिळणार नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध येत राहिले आहेत. पण महाराष्ट्रात आणायची तर एनओसी, नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स आला. देशात बनलेल्या पेट्रोल गाडीला टॅक्सचा दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, आयात गाडीला २०. तो गाडीच्या वयानुसार घट धरून लागतो. आरटीओकडून आकडा काढल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नका. खासगी आयात झालेली गाडी असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर जुळवा.

## ४. थंड इंजिन

ही भेट सकाळी ठेवा आणि आदल्या दिवशी निक्षून सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर आणि सायलेन्सरच्या टोकावर हात ठेवा. कोमट लागलं तर कारण काहीही सांगोत, दुसऱ्या दिवशी परत या. चेनचा खडखडाट, निळा धूर, जड स्टार्ट हे सगळं गरम इंजिनात लपतं.

क्रम असा:

१. स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक असेल तर ऑइलची पातळी बघा. ऑइलचं झाकण उघडा. आत साईसारखा पिवळट थर असेल तर पाणी मिसळतंय किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारतेय.

२. कूलंटची टाकी बघा. पातळी ‘मिन’च्या खाली नको, वर तेलकट तवंग नको, आणि कूलंटच्या जागी नुसतं पाणी नको. गरम झाल्यावर हे झाकण चुकूनही उघडू नका.

३. इग्निशन फक्त ऑन करा. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि स्टार्ट झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

४. एक जण आत, तुम्ही बोनेटजवळ. स्टार्ट. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज आला तर चेन टेन्शनर. मिनी आणि टीटीमध्ये हा आवाज म्हणजे व्यवहार थांबवणं.

५. मागं जाऊन धूर बघा. थंडीत थोडी वाफ चालते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय.

६. एसी फुल, गाडी वीस मिनिटं उभी. तापमानाचा काटा स्थिर राहतो का, रेडिएटरचा पंखा फिरतो का, थंडावा टिकतो का, ते बघा. ही परीक्षा कंटाळवाणी वाटते म्हणून लोक सोडतात, आणि एप्रिलच्या दुपारी टोलनाक्यावर गाडी उकळते.

## ५. बॉडी, आणि पाण्यात बुडालेली गाडी

पेंट मीटर भाड्यानं किंवा मेकॅनिककडून आणा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा पेंट. हजारच्या पुढं गेलं की आत पुट्टी. एखादा बंपर किंवा फेंडर रंगवलेला असणं आपल्या शहरांत अटळ आहे, त्याची धास्ती नको. छत, खांब आणि दाराची चौकट रंगवलेली असेल तर मात्र गाडी सोडा. गाडीवर रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर खालचा रंग दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पुराची गाडी ओळखायला पाच जागा बघा: सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाशी चिखलाची रेघ, सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट थर. मुंबई, चेन्नई, कोल्हापूर-सांगली अशा पाणी भरलेल्या भागांतून आलेल्या गाड्यांत हे आवर्जून बघा. बुडालेली गाडी सहा महिने उत्तम चालते. त्यानंतर एकेक कंट्रोल युनिट जायला लागतं आणि कारण सापडत नाही.

टायरवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचे. आतल्या कडेला जास्त घासलेले असतील तर अलाइनमेंट बिघडलेली किंवा सस्पेन्शनचा आर्म वाकलेला.

## ६. चालवून

किमान पाऊण तास, आणि पहिली दहा मिनिटं मुद्दाम ट्रॅफिकमध्ये. ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करत गाडी रांगू द्या, मग थांबवा, मग चढावर रिव्हर्स घ्या. डीएसजीचा थरथराट आणि धक्का इथं दिसतो, मोकळ्या हायवेवर नाही.

मग एखादा सौम्य चढ. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. जोर एकसंध वाढला पाहिजे. मधेच हुंदका आला तर कॉइल, स्पार्क प्लग, इंजेक्टर किंवा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) गळती. मॅन्युअल असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावर जोरात दाबा. आरपीएम वाढला आणि वेग तसाच राहिला की क्लच संपला.

रस्ता मोकळा असेल तर ८० वरून जोरात ब्रेक. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी, गाडी बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतोय. स्पीडब्रेकर तिरका घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवून टकटक ऐका. छप्पर उघडणारी गाडी असेल तर ते तीनदा पूर्ण उघडा-मिटा. एकदा चाललं हे पुरेसं नाही.

इशारा: गाणी बंद. विक्रेता शेजारी बसून बोलत राहिला तर त्याला नम्रपणे थांबवा.

## ७. लिफ्ट आणि स्कॅन

गॅरेज तुम्ही निवडायचं, पैसे तुम्ही द्यायचे. विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजचा रिपोर्ट ग्राह्य धरू नका. विक्रेता गाडी न्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालं.

स्कॅनर ब्रँडनुसार हवा: फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, पोर्शेसाठी पिविस. नुसता स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर गिअरबॉक्स आणि एबीएस नीट वाचत नाही. तीन गोष्टी बघायला सांगा. पहिली, साठलेले फॉल्ट कोड. दुसरी, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी): ते ‘नॉट रेडी’ असतील तर कोणीतरी काल-परवाच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. आठवडाभर चालवून पुन्हा स्कॅन करा. तिसरी, रनिंग: बऱ्याच जर्मन गाड्यांत ते मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंदलेलं असतं, तिथली फेरफार क्वचितच पूर्ण होते. पोर्शेमध्ये ओव्हर-रेव्ह (आरपीएम मर्यादेपलीकडे नेल्याच्या नोंदींचा) रिपोर्टही काढा. वरच्या श्रेणीतल्या नोंदी अलीकडच्या तासांत असतील तर इंजिनावर अत्याचार झालेला आहे.

खाली बघताना ऑइल पॅनवर घासल्याच्या खुणा, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल, फाटलेले ड्राइव्ह शाफ्ट बूट आणि सायलेन्सरची लाइन बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला असेल तर तो बेकायदा बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. रीमॅप झाला असेल तर मूळ फाइल आहे का, कोणी केला, त्यानंतर किती चालली, हे विचारा. पहिल्या गाडीसाठी स्टॉकच (काहीही न बदललेली) हवी, असं मी ठासून सांगेन.

इंजिनवर शंका असेल तर कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं). सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या पुढं नको. जुन्या पोर्शेत सिलिंडरमध्ये कॅमेरा घातल्याशिवाय सही करू नका.

## ८. दोनांपैकी एक

आता प्रत्येक गाडीसमोर लिहा: मागितलेली किंमत, अधिक लगेच करायची कामं, अधिक पहिल्या वर्षाचा विमा, अधिक ट्रान्सफर आणि टॅक्स. बेरीज समोर आली की बऱ्याचदा दोन लाख स्वस्त गाडी दीड लाखानं महाग निघते. बेरीज सारखी आली तर कमी रनिंगच्या गाडीपेक्षा जास्त बिलं असलेली गाडी घ्या. चार वर्षांत ९,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे सील सुकलेले असतात, बॅटरी दमलेली असते, टायर चपटे झालेले असतात.

भाव करताना फक्त रिपोर्टमधल्या कामांची यादी पुढं ठेवा. ‘शेवटचं किती?’ विचारण्यापेक्षा ‘टायर आणि पुढचे बुश एवढ्याचे, हे वजा करू’ हे जास्त चालतं.

## ९. व्यवहार आणि ट्रान्सफर

टोकन आत्ता. छोटी रक्कम, बँकेतून, आणि लेखी: कोणत्या कारणानं परत मिळेल, कोणत्या तारखेपर्यंत. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे, तसा आग्रह धरणाऱ्याशी व्यवहार नको.

मालकाच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. दोन्ही चाव्या, मूळ इन्व्हॉइस, व्हील लॉकची (चाकाच्या चोरीरोधक नटाची) किल्ली ताब्यात घेतल्याशिवाय शेवटची रक्कम पाठवू नका. व्हील लॉकची किल्ली नसेल तर पंक्चर झालेल्या रात्री चाक निघत नाही.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, आरसीसाठी ३० दिवसांत. आरसी तुमच्या नावावर आल्याचं ॲपवर दिसेपर्यंत एजंटचे पूर्ण पैसे देऊ नका.

## १०. पहिला महिना

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट बदला. गिअरबॉक्स ऑइलचं बिल नसेल तर तेही, आधी काय सांगितलं होतं त्यावर विसंबू नका. पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा: ९५ ऑक्टेन लिहिलं असेल तर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरू नका. एप्रिल २०२३ आधीच्या अनेक गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनवलेल्या नाहीत. मॅन्युअलमध्ये ई१० लिहिलं असेल तर गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नका आणि इंधनाचे रबरी होज दर सर्व्हिसला तपासून घ्या.

पहिले हजार किलोमीटर ऑइलची पातळी दर टाकीला बघून वहीत लिहा. हजार किलोमीटरला अर्धा लिटरच्या वर जात असेल, तर विक्रेत्याशी बोलण्याची वेळ तीच आहे, तीन महिन्यांनी नाही.